स्पॅगेटीचा सॉस घरी, ताज्या टोमॅटोपासून : तुमचे अनुभव सांगा

टोमॅटो स्वस्त झाले की आमच्याकडे एक सुट्टीचा दिवस सॉसला जातो. बाटलीतला पास्ता सॉस मला गोड लागतो, आणि त्यात टोमॅटोपेक्षा ओरेगानोच पुढे येतो. घरच्या सॉसला मोजक्याच जिनसा लागतात: टोमॅटो, तेल, लसूण किंवा कांदा, मीठ, थोडी बेसिलची पानं. तरीही तो प्रत्येकाच्या हातचा वेगळा होतो. तुम्ही टोमॅटो कोणते घेता, सालं काढता का, कितपत आटवता, साठवता कसा, ते सविस्तर लिहा. नुसती कृती नको, करता करता काय लक्षात आलं ते हवं.

सुरुवात मी करते. सालं सोलत बसण्यापेक्षा मी पुरणयंत्र काढते. टोमॅटो चिरून, झाकण ठेवून मऊ शिजवायचे आणि कोमट असतानाच फिरवायचे. बारीक जाळी लावली की सालं आणि बहुतेक बिया वर राहतात. तो चोथा लगेच टाकू नका, पुन्हा एकदा फिरवा. दुसऱ्या फेरीला खाली जो गर उतरतो तो सगळ्यात दाट असतो, जाळीच्या पाठीला चिकटून बसतो, चमच्याने खरवडून घ्यावा लागतो. मिक्सरमध्ये हवा शिरून लाल रंग नारिंगी पडतो आणि फुटलेल्या बियांचा कडवटपणा उतरतो, म्हणून मी मिक्सर टाळते.

मग पसरट स्टीलच्या पातेल्यात ऑलिव्ह तेल आणि ठेचलेला लसूण एकदमच घालून मंद आचेवर ठेवायचं. लसणीला रंग चढायच्या आत रस ओतायचा. लसूण लाल झाली की ती आपल्या फोडणीची चव झाली, चांगलीच, पण या सॉसची नव्हे. लोखंडी कढई मात्र नको. आंबटाने रंग काळवंडतो आणि लोखंडाची चव उतरते.

कोथरूड, पुणे

*

आमच्या घरची टोमॅटोची शेती आहे, त्यामुळे टोमॅटोबद्दल बोलतो. तुम्हाला शहरात मिळतो तो लांबट, कडक टोमॅटो लांबच्या प्रवासासाठीच लावलेला असतो. साल जाड, गर घट्ट, आणि तोडतो तेव्हा रंग नुकता फुटलेला असतो. सॉसला हा टोमॅटो चालतो, उलट पाणी कमी असल्याने लवकर आटतो. पण आणल्या दिवशी करू नका. देठाकडची बाजू खाली करून टोपलीत पसरून ठेवा, पूर्ण लाल होऊन बोटाला किंचित दबला की मग घ्या. फ्रीजमध्ये ठेवलेला कच्चट टोमॅटो नीट पिकत नाही, वासही मरतो. आंबटपणा हवा असेल तर चार-पाच गावरान गोल टोमॅटो मिसळा. ते रसाळ असतात, आटायला वेळ लागतो, पण चव त्यांचीच.

दुसरं असं की २०२३च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा सगळीकडे चर्चा झाली. त्याच्या आधी भाव पडले होते तेव्हा शेतकऱ्यांनी माल फेकून दिला, ते फार जणांच्या लक्षात नाही. वीस किलोच्या क्रेटला तोडणीची मजुरीही सुटत नाही असे दिवस दरवर्षी कधी ना कधी येतात. सोसायटीत चार घरांनी मिळून त्या दिवसांत एक क्रेट घेतला तर तुमचा वर्षाचा सॉस होतो आणि आमचा माल शेतात सडत नाही. हे मी मनापासून सांगतोय, भाव पडले की घ्या.

नारायणगाव, ता. जुन्नर

*

कुकरला दोन शिट्ट्या केल्या की काम होतं. एवढा वेळ कुणाला आहे?

ठाणे

*

कुकरमध्ये टोमॅटो शिजतो, सॉस होत नाही. झाकण बंद, म्हणजे पाणी आतल्या आत. सॉस म्हणजे टोमॅटोतलं पाणी उडवणं. वेळ वाचवायचा तर पातेलं पसरट घ्या आणि झाकण काढून ठेवा, अर्ध्या तासात फरक दिसतो. पाणी पुरेसं गेलं हे ओळखायची खूण म्हणजे लाकडी चमच्याने पातेल्याच्या तळाशी रेघ ओढायची. रेघ क्षणभर तशीच राहिली आणि कडेला तेल सुटलं की उतरवायचं.

औरंगाबादहून, सध्या बंगळुरू

*

मी नोकरीनिमित्त इटलीत, उत्तरेकडच्या बोलोन्या शहरात राहते. इथे आल्यावर आधी हे कळलं की 'स्पॅगेटी बोलोनेज' बोलोन्यातल्या घरात करत नाहीत. इथला रागू हा मांसाचा सॉस आहे, टोमॅटो त्यात बेताचाच. गोमांसाचा खिमा, पान्चेत्ता म्हणजे मीठ लावून मुरवलेलं डुकराचं मांस, कांदा, गाजर, सेलरी, वाइन, थोडं दूध, आणि तासन् तास मंद आच. खातात तो तालियातेल्लेबरोबर, म्हणजे अंड्याच्या रुंद पट्ट्यांबरोबर, कारण जड सॉस त्या पट्टीला धरून राहतो. गुळगुळीत स्पॅगेटीवरून तो घसरून ताटात खाली बसतो. १९८२ साली या रागूची कृती शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली गेली आणि २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती दिली गेली. खाण्याच्या बाबतीतला हा काटेकोरपणा मला फार आवडतो.

स्पॅगेटीचा टोमॅटो सॉस बघायचा तर इटलीच्या दक्षिणेत जावं. माझ्या सहकारी मैत्रिणीचं माहेर सालेर्नोजवळ आहे. ऑगस्टमध्ये तिच्या घरी वर्षाच्या सॉसचा दिवस असतो, तेव्हा तिने मला नेलं. सान मार्झानो टोमॅटो त्याच भागातले, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीत वाढणारे. त्यांना १९९६ पासून युरोपात भौगोलिक नावाचं संरक्षण आहे. लांबट, टोकदार, आत बिया कमी.

पहाटेच अंगणात सगळं घर जमलं होतं. म्हातारी नोन्ना, म्हणजे आजी, खुर्चीत बसून प्रत्येक टोमॅटो हातात घेऊन बघत होती, डाग असेल तेवढा काढून बाकीचा टोपलीत. मोठ्या हंड्यात टोमॅटो मऊ केले, फडक्यावर निथळले. हा निथळण्याचा टप्पा मला माहीत नव्हता. पिवळसर पाणी तिथेच गळून जातं आणि पुढचं आटवणं अर्ध्यावर येतं. मग यंत्रातून गर काढला, सालं परत एकदा फिरवली. बाटलीत आधी बेसिलचं एक पान, वर गर, बूच. बाटल्या लोखंडी पिंपात रचल्या, मध्ये मध्ये जुनी फडकी कोंबली म्हणजे उकळताना एकमेकींवर आपटून फुटत नाहीत. खाली लाकडं पेटवली, आणि उकळून झाल्यावर बाटल्या त्याच पाण्यात रात्रभर गार होऊ दिल्या. कांदा-लसूण या बाटल्यांत घालतच नाहीत. ती फोडणी ज्या दिवशी खायचं त्या दिवशी. बाकी सगळं बघताना मला आमच्या वाड्यातला पापडांचा दिवस डोळ्यांपुढे आला. कामाची वाटणी तशीच, आणि शेवटचा शब्द सगळ्यात म्हाताऱ्या बाईचा.

*

बोलोन्याच्या ताईंनी लिहिलंय ते वाचून बाटल्या भरायचा मोह होईल, म्हणून काळजीने एक गोष्ट सांगते. आम्ही न्यू जर्सीत परसात रोमा टोमॅटो लावतो आणि ऑगस्टच्या शेवटी एकदम एवढे येतात की साठवण्यावाचून गत्यंतर नसतं. टोमॅटो आंबट असला तरी नेहमी पुरेसा आंबट नसतो. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका जास्त तितका आंबटपणा कमी. तो ४.६च्या वर गेला तर हवाबंद बरणीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू विष तयार करू शकतात, आणि ते वासाने किंवा चवीने कळेलच असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस आहे की क्वार्टच्या, म्हणजे साधारण ९५० मिलिलिटरच्या, प्रत्येक बरणीत दोन टेबलस्पून बाटलीतला लिंबूरस किंवा अर्धा टीस्पून सायट्रिक ॲसिड घालायचं. ताजं लिंबू नको, कारण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा. उकळायची वेळ तुमच्या गावाच्या उंचीप्रमाणे बदलते, तीही तक्ता बघूनच ठेवायची.

कांदा, लसूण, ढोबळी मिरची घातलेला सॉस मनाच्या प्रमाणाने बरणीत भरू नका. तो सरळ फ्रीझरमध्ये. डब्यात वर बोटभर जागा सोडा, गोठताना फुगतो.

एडिसन, न्यू जर्सी

*

आमच्याकडे सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत आणि नातवंडांना स्पॅगेटी हवी असते. दोन वेगळी पातेली नकोत म्हणून मी लोण्यावर करायला लागले. टोमॅटोचा गर, लोणी, मीठ, एवढंच मंद आचेवर. लोण्याने आंबटपणा गोल होतो. बेसिल मिळत नाही तेव्हा कुंडीतल्या सब्जाची कोवळी पानं घेते, ते बेसिलचंच भावंड आहे. वास थोडा बडीशेपेकडे झुकतो, पण टोमॅटोला शोभतो. पानं गॅस बंद केल्यावर हाताने तोडून घालते. तुळस घालू नये, तिचा लवंगेसारखा वास सगळ्यावर चढतो. सासूबाई आता चातुर्मास संपला तरी "तोच तुझा बिनकांद्याचा कर" म्हणतात, आणि मला वाटतं त्या बरोबर आहेत. टोमॅटो चांगला असेल तर कांद्याची उणीव भासत नाही.

मिरज

*

गोव्यात आमच्याकडे याच सॉसमध्ये चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, घालतात. कातडं काढून मांस सुटं करायचं आणि तेल न घालता परतायचं, त्याचीच लाल चरबी भरपूर सुटते. व्हिनेगर, लसूण, मिरची, मीठ सगळं चोरीसात असतंच. म्हणून टोमॅटोचा गर बिनमिठाचा घ्या आणि शेवटी चाखून बघा. आंबटावर आंबट होऊ नये म्हणून टोमॅटो पूर्ण पिकलेलेच हवेत.

मडगाव

*

सॉसवर एवढी मेहनत करून बरेच जण शेवटी गडबड करतात, म्हणून स्पॅगेटीबद्दल दोन शब्द. शिजवलेली स्पॅगेटी धुऊ नका. पाकिटावरच्या वेळेच्या एक-दोन मिनिटं आधी काढून सॉसच्या पातेल्यात टाका आणि तिच्याच पाण्याचं एक पळीभर पाणी घालून मोठ्या आचेवर हलवा. त्या पाण्यातल्या पिठाने तेल आणि रस एकजीव होतात, सॉस प्रत्येक शेवेला लागतो. डुरम या कडक गव्हाच्या रव्याची स्पॅगेटी घ्या, मैद्याची यात तुटते.

दादर

*

माझा सॉस नेहमी आंबट होतो. साखर घालायची नाही. काय करू?

लातूर

*

लातूरकर, आधी टोमॅटो दोन दिवस पिकू द्या, वर नारायणगावकरांनी सांगितलंय तसे. तरीही आंबट झाला तर एक लहान गाजर किसून तेलात मऊ करा आणि मग रस ओता. आणखी उपाय म्हणजे अगदी चिमूटभर खायचा सोडा. फेस येईल, तो बसला की चाखा. त्याहून जास्त सोडा घातलात तर टोमॅटोची चव बोथट होते. एक टोमॅटो चिरल्या चिरल्या कच्चाच खाऊन बघत जा. तो जिभेला नुसताच आंबट लागला, तर त्या दिवशी सॉस न करता सार करा.

कोथरूड, पुणे