गोठ्यातली नाचणी फ्लॅटमध्ये हिरवी कशी ठेवायची?

वसईची_लेक
नमस्कार मंडळी. माहेर वसईचं, आता पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, आई पसरट टोपलीत नाचणी पेरायची. २४ डिसेंबरला मेंढरांच्या पायाशी बोटभर हिरवंगार शेत! आईला जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या वर्षी मी स्टीलच्या ताटात पेरलं, तर निम्मं कुजलं, उरलेलं पिवळं आणि लुळं. लेक सहा वर्षांची आहे, तिला ते शेत दाखवायचंच आहे. प्लास्टिकचं गवत मनाला पटत नाही. कधी पेरू? पाणी किती घालू?

निर्मळकर
ताई, पाणी जास्त आणि उजेड कमी, दुसरं काही नाही. आम्ही १० तारखेच्या आसपास पेरतो. नाचणी रात्रभर भिजवायची, मग ओल्या फडक्यात बांधायची. मोड दिसले की पसरायची, वर माती अगदी भुरभुरवायची. दाणा बारीक, खोल गेला की वर येत नाही. पाणी ओतू नका, हाताने शिंपडा. ताटाला भोकं नाहीत म्हणूनच कुजलं. कोंब आले की बाल्कनीत ठेवा आणि रोज फिरवा, नाहीतर सगळं एकाच अंगाला झुकतं.

प्लास्टिक आम्हीही ठेवत नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात गोठा मांडला, तेव्हा खरं गवत आणि खरे बैल-गाढव होते.

आणि गव्हाण रिकामीच ठेवा हं. मध्यरात्रीच्या मिस्सावरून (चर्चमधल्या उपासनेवरून) आल्यावर घरातलं धाकटं मूल बाळ येशूची मूर्ती तिथे ठेवतं. तोवर बाळ कपाटात, आजीच्या साडीच्या घडीत. बाळाच्या दर्शनाला येणाऱ्या तीन राजांच्या मूर्ती टीव्हीच्या टेबलावरून निघतात, रोज थोड्या सरकतात आणि ६ जानेवारीला पोचतात.

सोलापूरची_काकू
आम्ही घटाला गहू पेरतो, तसंच की हे. नऊ दिवसांत वीतभर येतो. नाचणी हुकली तर १५ तारखेला गहू पेर बाळा.

वसईची_लेक
काकू, दादा, खूप आभार. साडीची घडी वाचून डोळे भरले. आईचा बाळ येशूही तिच्या लुगड्यात गुंडाळलेला ट्रंकेत सापडला. उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली, पण तिने तो कधी बदलला नाही. यंदा लेक ठेवेल. एक राहिलं, नंतर नाचणीचं काय करता? आई शेजारच्या शेळीला घालायची.

निर्मळकर
मातीसकट मोठ्या कुंडीत लावा. बहिणीकडे ईस्टरच्या सुमाराला कणसं धरली होती.