मदत हवी आहे: केमिकल कंपनीतल्या भावाला फॅटी लिव्हर, अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी यकृत वाचतं का?

नमस्कार. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात आमच्या चार पिढ्या गेल्या. माझा धाकटा भाऊ, वय 34, सात वर्षांपासून नंदेसरीकडे औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत ऑपरेटर आहे. मागच्या महिन्यात उजव्या बरगडीखाली जड जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, तर ग्रेड 2 फॅटी लिव्हर निघालं. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 118. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, साखर नॉर्मल, वजन 57 किलो.

डॉक्टरांनी छापील कागद दिला: वजन कमी करा, तळलेलं बंद. 57 किलोतून तो काय कमी करणार? शिवाय तीनदा विचारलं, "खरं सांगा, पिता का?" गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे माणूस लपवतोय असंच सगळे धरून चालतात. तो पीत नाही. आईसमोर त्याला हे ऐकावं लागलं, ते मला अजून सलतंय.

त्याचं काम डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) नावाच्या सॉल्व्हंटवर, म्हणजे विरघळवणाऱ्या रसायनावर आहे. ड्रममधून ते रिअॅक्टरमध्ये घ्यायचं, नंतर सेंट्रीफ्यूजमधून ओला माल हाताने काढायचा. घरी आला की कपड्यांना मासळीसारखा वास येतो. आमच्याकडे मासे शिजत नाहीत, त्यामुळे तो वास दारातच कळतो. हातमोजे असतात, ते निळे पातळ. त्याच्याबरोबरचा एक मुलगा दमणला गेला होता, अर्ध्या बिअरमध्ये त्याचा चेहरा लालबुंद झाला आणि छाती धडधडायला लागली. याचा इथे संबंध आहे का माहीत नाही, पण भावाने सांगितलं म्हणून लिहिते.

आता घरात उपायांची रीघ लागली आहे. मामांनी सिलिमरिन (एका वनस्पतीचा अर्क), व्हिटॅमिन ई आणि ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल आणल्यात. आत्या रोज गुळवेलीचा काढा पाठवते. सगळे म्हणतात, अँटिऑक्सिडंटने लिव्हरला कवच मिळतं, नोकरी सोडायची गरज नाही. घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे नोकरी चटकन सोडताही येत नाही. हे कवच खरं आहे का? कृपया जाणकारांनी सांगावं.

जुना_केमिस्ट

ताई, मी तीस वर्षं प्लँटवर काढली आहेत, म्हणून आधी दमणच्या मुलाबद्दल बोलतो. डीएमएफ अंगात गेलेल्या माणसाला दारू सोसत नाही, तोंड लाल होतं, धडधड होते. हे या सॉल्व्हंटचं ओळखीचं लक्षण आहे. म्हणजे त्या खात्यात डीएमएफ एकट्या तुमच्या भावाच्या अंगात जात नाहीये. डॉक्टरांना ही गोष्ट नक्की सांगा.

दुसरं, ते निळे मोजे. बहुधा नायट्राइल असणार. डीएमएफ त्यातून काही मिनिटांत आरपार जातं, आणि मोज्याच्या आत कातडीवर दाबून राहतं, म्हणजे उघड्या हातापेक्षाही वाईट. त्याला ब्यूटाइल रबरचे मोजे लागतात. डीएमएफची वाफसुद्धा कातडीतून शिरते, म्हणून नुसता मास्क लावून भागत नाही. ओला माल हाताने काढणं हेच मुळात बंद व्हायला हवं.

डीएमएफ अंगात गेलं की लघवीत एन-मिथाइलफॉर्मामाइड उतरतं, ते मोजता येतं. नमुना शिफ्ट संपतानाचा द्यायचा, सकाळचा देऊन उपयोग नाही.

औषधशास्त्र_शिकवते

कवचाबद्दल लिहिते, कारण हा शब्द कुठून आला ते मला माहीत आहे. यकृत वाचवणारी औषधं प्रयोगशाळेत बहुतेक वेळा उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृताचं विष देऊन तपासतात. यकृतातलं एक एन्झाइम, सीवायपी 2ई1, त्या रेणूतला एक क्लोरीन तोडतं आणि मागे अतिशय चिडका रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याच्याशी अभिक्रिया करणारा रेणूचा तुकडा, उरतो. तो पेशीच्या पडद्यातल्या स्निग्ध आम्लांवर तुटून पडतो, एकातून दुसरं अशी साखळी पेटत जाते. त्याच गोंधळात चरबी रक्तात पाठवायची वाहनं, म्हणजे लिपोप्रोटीनं, तयार होणं अडतं. यकृत चरबी बनवत राहतं आणि बाहेर मात्र पाठवू शकत नाही. म्हणून ती पेशीत साठते. खाण्याशी याचा संबंध नाही, हे तुमच्या भावाला जरूर सांगा.

व्हिटॅमिन ई किंवा सिलिमरिन उंदराला *आधी* दिलं तर ही साखळी बरीच तुटते. पण तो उंदीर एकदा-दोनदा विष घेतो, रोज आठ तासांची शिफ्ट करत नाही. शिवाय डीएमएफचा मार्ग थोडा निराळा आहे. तेही सीवायपी 2ई1 मधूनच जातं, पण त्यातून जे तयार होतं ते निस्तरताना यकृताचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट, ग्लुटाथिओन, खर्ची पडतो. रोज नवं विष आलं की तो साठा भरायला उसंतच मिळत नाही.

व्हिटॅमिन ईचा माणसांवरचा चांगला पुरावा 2010 चा आहे. मधुमेह नसलेल्या, बायोप्सीने यकृतदाह सिद्ध झालेल्या लोकांना रोज 800 युनिट, 96 आठवडे दिलं. 43 टक्के लोक सुधारले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत 19 टक्के. पण ते रुग्ण रसायनाचे नव्हते. आणि 2011 मध्ये दिसलं की रोज 400 युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण 17 टक्क्यांनी वाढलं. तेव्हा मामांच्या हाताने नको, डॉक्टरांनी दिलं तरच.

ग्रीन टी अर्क आजच बंद करा, मोठ्या मात्रेत तोच यकृताला इजा करतो. साधा चहा चालेल. गुळवेलही थांबवा. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृतदाह झाल्याच्या नोंदी छापल्या आहेत. आत्यांना वाईट वाटेल, पण आत्ता एसजीपीटी कशाने वाढलंय हे ओळखायचं असेल तर पाटी कोरी हवी. डीएमएफपासून लांब गेल्यावर काही आठवड्यांत आकडे उतरायला लागले तर ते डॉक्टरांना मोठाच पुरावा ठरेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काढा बंद केला, आत्या रुसली आहे, तिला समजावीन. भाऊ म्हणतो मोजे निळे नायट्राइलच आहेत, डब्यावर लिहिलंय. त्याला नोकरी न सोडता दुसऱ्या खात्यात बदली मागता येईल का? मागितली की काढून टाकतील अशी भीती वाटते.

जुना_केमिस्ट

लेखी मागा, तोंडी नको. कारखाना कायदा 1948, कलम 41-सी मध्ये धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची दर बारा महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी आणि त्याच्या आरोग्याच्या नोंदी त्याला बघू देणं ही मालकाची जबाबदारी लिहिली होती; नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी कामगार सुरक्षा संहिता आली, तेव्हा अर्जात घालण्याआधी आताचं कलम तपासून घ्या. आधी सात वर्षांच्या नोंदी मागा. एसजीपीटी कोणत्या वर्षी चढायला लागलं ते त्यात दिसेल. त्या नोंदी, सोनोग्राफी आणि "सॉल्व्हंटपासून दूर ठेवावे" अशी पोटविकार तज्ज्ञांची चिठ्ठी जोडून बदलीचा अर्ज द्या, प्रतीवर पोहोच घ्या. ड्रमवरच्या लेबलात लिहिलेलं सॉल्व्हंटचं नाव अर्जात जसंच्या तसं उतरवा. गुजरातीत मसुदा करून इथे टाका, नाव-पत्ता खोडून. रात्री बघून देतो.