शिक्षण उपकर आणि ‘आम्हाला मूल नाही’ ही सबब

खाडीकाठ
या मंचावरील मुंबईच्या मालमत्ता कराच्या धाग्यावर ‘६४० चौरस फूट’ या सदस्यांनी परवा लिहिले की, आम्हा पती-पत्नीला मूल नाही, होणारही नाही, तरीही देयकात महापालिका शिक्षण उपकर आणि राज्य शिक्षण उपकर अशा दोन ओळी न चुकता येतात आणि ही दिवसाढवळ्या चाललेली लूट आहे. त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली, म्हणून हे सविस्तर उत्तर.

त्याच देयकात वृक्ष उपकर आहे. आपल्या गल्लीत झाड नाही म्हणून तो परत मागण्याचे कोणाला सुचलेले नाही. विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात देतो ते शुल्क आणि मोबदल्याचा हिशेब न घालता द्यावा लागतो तो कर, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात सांगितलेला आहे. शाळा ही पालकांना पुरवलेली सेवा आहे असे एकदा मानले, की ज्यांची मुले खासगी शाळेत जातात तेही उद्या उपकर परत मागतील आणि तो भरायला उरतील ते ज्यांना परवडत नाही तेच.

गेल्या वर्षी आईसाठी ठेवलेल्या बाईंना गोळ्यांच्या पाकिटावरचे ‘दिवसातून एकदा’ हे शब्द वाचता येत नव्हते. रक्तदाबाची गोळी चार दिवस सकाळ-संध्याकाळ दिली गेली आणि आई न्हाणीघराच्या उंबऱ्यात कोसळली. त्यानंतर मी एका डबीवर सूर्य आणि दुसरीवर चंद्र काढून दिला. बाई हुशार होत्या, पुन्हा कधीही चुकल्या नाहीत. धाकटी भावंडे सांभाळण्यासाठी त्यांना दुसरीतच घरी बसवले होते. त्या शिकल्या असत्या तर लाभ कोणाचा झाला असता? मलाही मूल नाही, हे जाता जाता सांगतो.

६४० चौरस फूट
सूर्य-चंद्राने डोळे पाणावले, परंतु पाणावलेल्या डोळ्यांनी हिशेब होत नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. आमच्या शेजारच्या इमारतीत ४९० फुटांत तीन मुले असलेले कुटुंब राहते; त्यांचा उपकर शून्य, आमचा पूर्ण. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत दोन मुलांपर्यंतच्या शिक्षण शुल्काची करपात्र उत्पन्नातून वजावट मिळते, म्हणजे खासगी शाळेत मूल घालणाऱ्याला सरकार सवलत देते आणि आमच्याकडून उपकर घेते. शाळा साऱ्या समाजाची असेल, तर सवलत फक्त पालकांना का?

प्राप्तिकरावर २००४ साली दोन टक्के शिक्षण उपकर बसला, २००७ साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का, आणि २०१८ पासून आरोग्य मिसळून चार टक्के. त्या एका टक्क्यासाठी स्वतंत्र कोष स्थापण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली २०१७ साली! दहा वर्षे नाव शिक्षणाचे आणि खिसा कोणाचा, हे विचारणाऱ्याला आपण स्वार्थी ठरवता.

गिरणगावकर
१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाचवीत होतो. वडिलांचा पगार थांबला, दोन महिन्यांत खासगी शाळेतून माझे नाव काढले आणि महापालिकेच्या शाळेत घातले. बाकाची एक फळी निखळलेली होती, तिथे आम्ही दप्तर कोंबून बसत असू. तिथूनच मी पुढे शिकलो. वडिलांना पाच मुले होती आणि त्यांनी तुमच्याहून कितीतरी कमी कर भरला, हे मान्य. आज आम्ही पाचही जण प्राप्तिकर भरतो. तुम्हाला मूल असते तर हे समजावून सांगावे लागले नसते.

खडू-फळा
मी ३१ वर्षे महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवले. पैसे कोणी द्यावेत यावर एवढे भांडता, पण वर्गात बसायला मुले कुठे आहेत? दप्तर, गणवेश, बूट, छत्री धरून २७ वस्तू मोफत देतात, खिचडी देतात. तरी माझ्या अखेरच्या वर्षी चौथीत अकरा मुले होती. हजेरी घ्यायला एक मिनिटही लागत नसे. पालकांना इंग्रजी फलक हवा, म्हणून महापालिकेनेही ‘मुंबई पब्लिक स्कूल’ असे नाव लावले. खरी लूट ही आहे.

गिरणगावकर
बाई, आदर ठेवून विचारतो: आपली मुले कोणत्या माध्यमात शिकली?

खडू-फळा
मुलगी कॉन्व्हेंटमध्ये शिकली. यजमानांचा आग्रह होता, आणि मीही मोडता घातला नाही. समाधान झाले? मात्र एका शिक्षिकेच्या मुलीमुळे मराठी शाळा ओस पडल्या, असे कोणी म्हणू नये.

गिरणगावकर
एका मुलीमुळे नव्हे. प्रत्येकाने ‘माझी एकच तर’ असे म्हटल्यामुळे. माझा मुलगाही इंग्रजी माध्यमातच आहे, म्हणून मला हे चांगले ठाऊक आहे.

६४० चौरस फूट
म्हणजे शिक्षिकेची मुलगी तिथे नाही, त्या शाळेने घडवलेल्या माणसाचा मुलगाही तिथे नाही, आणि ती चालवण्याचे नैतिक कर्तव्य मात्र माझे. गिरणगावकर, ‘मूल असते तर’ हे वाक्य मी सात वर्षे दवाखान्यांच्या बाकांवर बसून ऐकले आहे. ते आपण इथे लिहायला नको होते.

गिरणगावकर
ते वाक्य मागे घेतो. बाकीचे घेत नाही.

खाडीकाठ
मुद्द्यावर येतो. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना स्वतःचे अपत्य नव्हते. यशवंतला त्यांनी पुढे दत्तक घेतले. शाळेशी आपला संबंध काय, असा प्रश्न त्यांना पडला नाही.

६४० चौरस फूट
बरे झाले फुले काढलेत. जोतीरावांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेले निवेदनही काढा. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, ही त्यांची तक्रार होती. पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला, हाच प्रश्न. मी विचारला की तो चिक्कूपणा ठरतो.

खाडीकाठ
त्याच निवेदनात त्यांनी बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असेही म्हटले आहे, ते आपण सोयीने गाळलेत. तरी शुल्काच्या वजावटीचा मुद्दा मला खोडता येत नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. उपकराचा हिशेब मागा, मीही सही करीन. पण नागरिक म्हणून मागा, मूल नाही म्हणून नव्हे.

६४० चौरस फूट
सहीबद्दल आभारी आहे, उपदेश परत घ्यावा. आमच्या विभागातील शाळांवरील खर्च आणि पटसंख्या विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकतो. देयक मुदतीत भरलेले आहे. तेवढा मी कायदा पाळतो.

खडू-फळा
अर्जात पटसंख्या माध्यमवार मागा. नाहीतर एकूण आकडा मिळेल आणि मराठीचे अकरा त्यात कुठेच दिसणार नाहीत.