मोटरहोम कधी एका चावीत सुरू, कधी नुसतं ‘टक’: मदत हवी आहे

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. डिझेल मोटरहोम आहे. सकाळी गार इंजिन अर्ध्या चावीत सुरू होतं. दोन-तीन तास चालवून थांबलो, की चावी फिरवल्यावर खालून एकच ‘टक’ आणि पुढे शांतता. पाच-सहा वेळा चावी फिरवली की अचानक काहीच झालं नसल्यासारखं सुरू! मेकॅनिककडे नेली की अर्थातच शहाण्या बाळासारखी वागते.

मेकॅनिकने सरळ बॅटरी बदलायला लावली. बदलली, फरक शून्य. राहायच्या भागातले दिवे-पंखे वेगळ्या बॅटरीवर आहेत, त्यामुळे त्यांचा संबंध नसावा.

काल ‘टक’ होत असतानाच मल्टिमीटर लावला. इंजिनच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते, चावी धरून ठेवली तरी १२.४. म्हणजे स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) करंट ओढतच नाहीये, नाहीतर व्होल्टेज चांगलंच खाली आलं असतं. सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट जोडणारा मोठा स्विच) बारीक वायरलाही पूर्ण व्होल्टेज येतंय, तेव्हा चावीचा स्विच आणि त्याच्या इशाऱ्यावर या वायरला करंट देणारा रिले मी बाद धरलाय.

आता संशय दोघांवर: सोलेनॉइडच्या आतले जळालेले कॉन्टॅक्ट, नाहीतर इंजिन ते चासीची (गाडीच्या सांगाड्याची) अर्थिंगची पट्टी, जिच्यातून करंट बॅटरीकडे परत जातो. पट्टीच्या बोल्टभोवती हिरवट बुरशी दिसतेय. बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात सेल्फ मारताना किती व्होल्टपर्यंत फरक चालतो? अर्धा व्होल्ट म्हणजे जास्तच ना? गाडी गरम झाल्यावरच असं झालेलं कुणाचं आहे का? स्टार्टर उतरवायचा म्हणजे गाडीखाली अर्धा दिवस, म्हणून आधी विचारतोय.