आई-बाबांना अलास्का क्रूझवर न्यावं का? (सिअ‍ॅटलहून, ७ रात्री)

सातारी_सिअ‍ॅटलात

नमस्कार मंडळी. आई-बाबा मे अखेरीस साताऱ्याहून आमच्याकडे येताहेत. जुलैत त्यांना घेऊन सात रात्रींची क्रूझ करावी असं आमचं चाललंय. सिअ‍ॅटलहून सुटून जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन आणि परतताना व्हिक्टोरियाला संध्याकाळचे तीन-चार तास.

बाबा ७१, आई ६६. आईचा उजवा गुडघा कुरकुरतो. दोघं शाकाहारी, अंडंही नाही. आणि आई केळघरच्या घाटातसुद्धा एव्होमिन घेतल्याशिवाय बसत नाही, तिथे समुद्राचं काय होणार?

खोली बाल्कनीची घ्यावी की आतली चालेल? दोन खोल्यांचा मिळून फरक बराच पडतोय. व्हिक्टोरियाला आम्ही उतरणार नाही, तरी कॅनडाचा व्हिसा लागेल का? आणि खरं विचारायचंय ते हे, की या वयाच्या माणसांना असे सात दिवस आवडतात का? की मुलांनी पैसे भरलेत म्हणून नुसतं ‘छान आहे हो’ म्हणत बसतात?

रेनकोटवाली

व्हिसाचं आधी बघ. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा हवाच, खाली पाऊल ठेवलं नाही तरी. माझ्या सासू-सासऱ्यांच्या वेळी चेक-इनला पासपोर्टच्या जोडीने तोच मागितला. बोटांचे ठसे वगैरे सोपस्कार असतात, तेव्हा भारतात असतानाच अर्ज करायला सांग. अमेरिकेचा व्हिसाही मल्टिपल एंट्रीचा आहे ना, ते बघून ठेव.

व्हिक्टोरिया टळत नाही. अमेरिकेचा १८८६ सालचा कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेतून माणसं चढवून, अमेरिकेतच फिरवून परत आणलेली चालत नाहीत, मध्ये एखादं परदेशी बंदर लागतं. आणि ही मोठी जहाजं बहुतेक बहामा नाहीतर पनामाच्या झेंड्याखालची. म्हणून सगळे दमलेले असताना रात्री ते व्हिक्टोरिया.

मिरज_डेपो

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आमच्या मुलीने विचारला असता तर आम्हीही ‘छान आहे हो’ म्हटलं असतं. तुम्ही परक्या, म्हणून खरं सांगतो.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं काढली. मागच्या जूनमध्ये मुलगी-जावयाने आम्हा दोघांना याच फेरीला नेलं. चार हजारांच्या वर प्रवासी. म्हणजे आपल्या ४४ सीटच्या शंभर गाड्या एकदम स्टँडवर लागल्या तर जितकी माणसं उतरतील तितकी. लिफ्टपुढेही स्टँडसारखीच गर्दी, फक्त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येत नाही.

पहिले दोन दिवस वाईट गेले. कारण समुद्र नव्हे, चहा. हिने हौसेने इलेक्ट्रिक किटली आणली होती. चढतानाच स्कॅनरमध्ये दिसली आणि पावती देऊन ठेवून घेतली. इस्त्री, किटली, तापणारं काही खोलीत चालत नाही. भर समुद्रात आग लागली तर पळायचं कुठे, हे मला पटलं. हिला नाही पटलं. वरच्या बुफेत कागदी कपात गरम पाणी, त्यात पुडी बुडवायची आणि वर फ्रिजमधलं गार दूध. तो चहा हिने दोन दिवस नुसता बघितला. मग डोकं धरलं. जावयाला वाटलं बोट लागली, तो गोळ्या घेऊन धावला.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये वाढणारा एक पोरगा आमची कुरबुर ऐकून थांबला. काणकोणचा निघाला. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, याचा बापही तारवटी. ‘काकी, दूद तापोवन हाडटां,’ म्हणाला आणि खरंच वाफाळतं दूध घेऊन आला. त्यानेच सांगितलं, की उद्याचं भारतीय शाकाहारी जेवण हेड वेटरला आज रात्रीच सांगून ठेवायचं. पुढे रोज रात्री डाळ, भात, एखादी भाजी, रोटी. फोडणी आपली नव्हती, पण पोट शांत राहिलं. त्या पोराचा करार आठ महिन्यांचा, मध्ये रविवार नाही की सण नाही. ही रोज त्याला ‘तू जेवलास का’ विचारायची, आणि तो रोज ‘मागीर’, म्हणजे ‘नंतर’, म्हणायचा.

खोल्यांचे बोळ सगळे एकसारखे. आमच्या जहाजावर गालिच्यात मासे विणलेले होते, माशाचं तोंड जिकडे तिकडे जहाजाचं पुढचं टोक. हे कळेपर्यंत मी एकदा भलत्याच दाराला कार्ड लावत उभा राहिलो. दारं लोखंडी असतात, जावयाने आमच्या दारावर फ्रिजला लावायचा गणपती चिकटवला. मग प्रश्न मिटला.

आता ग्लेशियर बे. सकाळी छोट्या बोटीतून तिथल्या नॅशनल पार्कचे रेंजर आले आणि चालत्या जहाजावर शिडीने चढले. ते दिवसभर माईकवरून माहिती सांगत होते. १७९४ साली इंग्रजांचं जहाज आलं तेव्हा ही खाडी नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आज ती भिंत गाठायला शंभर किलोमीटर आत जावं लागतं. मार्जरी नावाच्या हिमनदीसमोर जहाज उभं राहिलं आणि मग दोन्ही बाजूंच्या माणसांना दिसावं म्हणून जागच्या जागी फिरलं. ताई, सव्वातीनशे मीटर लांबीचं धूड. पुढे नाही, मागे नाही, जागच्या जागी. आमच्याकडे एक गाडी मागे घ्यायची तर कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारत, पत्र्यावर हात आपटत असतो.

याला आपल्यासारखं गिअर, शाफ्ट, सुकाणू नाही. डिझेल इंजिनं फक्त वीज करतात. ती वीज खाली पाण्यात लटकलेल्या मोटरींना जाते, पंखे त्या मोटरींनाच बसवलेले, आणि मोटर पंख्यासकट गरकन फिरते. पुढच्या टोकाला आडवे पंखे वेगळे. मी कठड्यावरून वाकून पाणी कुठून उसळतंय ते बघत होतो. ही दुसरीकडे तोंड करून बर्फ बघत होती. कडा कोसळताना आधी दिसतो, गडगडाट मागून येतो. चार तास आम्ही एकमेकांशी बोललो नाही, तेही भांडण नसताना. मुलगी दोनदा विचारून गेली, ‘कंटाळलात का?’

स्कॅगवेची डोंगरातली रेल्वे घ्याच. १९०० साली पुरी झालेली, तीन फुटी रूळ. आपली माथेरानची दोन फुटी. जुनोत एका धक्क्यावर २००१ पासून जहाजाला किनाऱ्यावरून वीज देतात, इंजिनं बंद ठेवता येतात. मला ते बघायचं होतं, पण आमचं जहाज नेमकं दुसऱ्या धक्क्याला लागलं.

बोट लागण्याचं म्हणाल तर सिअ‍ॅटलहून निघालेलं जहाज व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून उघड्या समुद्रातून जातं, तिथे जाता-येता डुलतं. व्हँकुव्हर बंदरातून निघणारी आतल्या शांत पाण्यातून जातात. सिअ‍ॅटलच ठरलं असेल तर खोली मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागा. एव्होमिन डॉक्टरांना विचारून आणा, झोप फार येते. बाल्कनी घ्या. दुखऱ्या गुडघ्याने डेकवर कठडा धरायला धावता येत नाही.

फोन विमान मोडवर ठेवा. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क असतं. सांगलीच्या भावाला मी चार मिनिटं ‘इथे नेटवर्क आहे रे’ हेच सांगत होतो. त्याचं बिल जावयाने मला अजून दाखवलेलं नाही.

खिडकी_हवीच

आतल्या खोलीबद्दल आमचा अनुभव. त्या दिवसांत बाहेर रात्री दहापर्यंत उजेड, आत भर दुपारीही अमावस्या. माझे वडील पहाटे तीनला उठून आंघोळ, संध्या आटोपून बसले. शिवाय अलास्काचं घड्याळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे, त्यांच्या हातातलं पुण्याच्या वेळेवर. त्यांना जहाज अजिबात आवडलं नाही, तेही सांगून ठेवते. कसिनोतून जाताना धुराचा वास, जिथे बसावं तिथे गाणी. केचिकनला धो धो पाऊस होता, तिथे मात्र छत्री घेऊन एकटे फिरून आले आणि म्हणाले, आंबोलीसारखं आहे.

सातारी_सिअ‍ॅटलात

सगळ्यांचे आभार. बाल्कनी घेतली, मधोमध, आठवा मजला. कॅनडाचा अर्ज भरायला घेतलाय. काका, आईला फोनवर किटलीचं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बरं, छोटं पातेलं तरी चालेल का विचार.’

मिरज_डेपो

पातेलं चालेल हो. शेगडी कुठली आणणार?