मदत हवी आहे: मालिकेमुळे विमान कंपनीची प्रतिमा किती बदलली, हे मोजायचं कसं?

जनसंपर्काच्या प्रकल्पासाठी दोन रिॲलिटी मालिका घेतल्यात: ईझीजेटवरची ब्रिटिश ‘एअरलाइन’ आणि साउथवेस्टवरची त्याच नावाची अमेरिकी (२००४-०५). बरेच भाग पाहिले, कंपन्यांचे वार्षिक अहवालही चाळले. पण प्रवासी वाढले ते स्वस्त तिकिटांमुळे की टीव्हीमुळे, हे त्यातून कळत नाही.

चेक-इन बंद झाल्यावर धापा टाकत आलेला प्रवासी काउंटरवर ओरडतो आणि समोरची कर्मचारी शांतपणे नियम सांगत राहते. मला तिथे कंपनीबद्दल आदरच वाटतो; सोबत पाहणाऱ्या मैत्रिणीला मात्र तीच कंपनी निर्दय वाटली. म्हणून नुसत्या माझ्या मतावर लिहायचं नाहीये.

मोठं सर्वेक्षण शक्य नाही, हाताशी तीनच आठवडे आहेत. जुन्या बातम्या, वाचकांची पत्रं चालतील. तिकीटदराचा परिणाम बाजूला काढून फक्त मालिकेचा परिणाम कसा दाखवता येईल?