बी.एस्सी. नर्सिंग : रत्नागिरी जिल्हा, कोल्हापूर की मुंबई? मदत हवी आहे

भाची देवगडची, बारावी सायन्स झाली आहे, नर्सिंगची सीईटीही दिली आहे. आता कॅपसाठी (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचाय. बी.एस्सी.च करायचं हे नक्की, त्यामुळे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) सुचवू नका. पुढे तिला प्रसूती विभागातच काम करायचंय.

कॉलेजांना इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नता आहे, हे बघून झालंय. फीचंही गणित मांडलंय : ओबीसी आहोत, उत्पन्न आठ लाखांच्या आत, म्हणजे कॅपमधून जागा मिळाली तर फीची सवलत मिळते, म्हणून मॅनेजमेंट कोटा नकोच. हॉस्टेल-मेसचा खर्च मात्र आमच्याच खिशातून.

फोनवर विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर, 'आमचं स्वतःचं हॉस्पिटल आहे.' अहो, शंभर खाटांचं हॉस्पिटल तर नियमानेच लागतं! त्यातल्या किती खाटा भरलेल्या असतात, ते कोणी सांगत नाही.

घरच्यांना रत्नागिरी जिल्हा बरा वाटतो, कणकवलीहून गाडीत बसली की झालं. कोल्हापूरला जायचं तर फोंडा घाट, आणि पावसाळ्यात घाटाचा भरवसा काय द्यायचा? मुंबईत पेशंट भरपूर, पण तिथे प्रसूतीगृहात शिकाऊ डॉक्टरांचीच गर्दी असते आणि नर्सिंगच्या मुली मागे उभ्या राहतात, असंही ऐकलंय.

तेव्हा ज्यांनी अलीकडे यापैकी कुठे शिक्षण घेतलंय त्यांनी कृपया सांगा : लेबर रूमची ड्युटी तुमच्याच हॉस्पिटलात होती की जिल्हा रुग्णालयात पाठवायचे? आणि प्रसूती स्वतःच्या हाताने करायला मिळाल्या, की नुसत्या वहीत भरल्या?